लातूरहून वेरूळ-अजिंठा : आईच्या गुडघ्यांना विचारून आखलेले सहा दिवस

वेरूळ-अजिंठ्याला जायचे, हा विषय आमच्या घरी तीन दिवाळ्या नुसता बोलण्यात होता. लातूरहून छत्रपती संभाजीनगर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे फार लांब नाही, आणि म्हणूनच "जाऊ की कधीही" म्हणता म्हणता ते राहून जात होते. यंदा आईने शहात्तरावे वर्ष पूर्ण केले, तिचे गुडघे दिवसेंदिवस अधिक दुखू लागले आणि आता पुढे ढकलले तर तिला अजिंठा दिसायचाच नाही, हे माझ्या लक्षात आले. आई, पत्नी, नववीतील मुलगी, पाचवीतील मुलगा आणि मी असे पाच जण भाऊबीज आटोपून बुधवारी निघालो आणि पुढच्या सोमवारी परत आलो. ज्यांच्या घरात असेच एक दुखरे माणूस आहे आणि तरीही सर्वांना सोबत न्यायचे आहे, त्यांना उपयोगी पडावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आखणीला सुरुवात गणपतीत केली आणि पहिलीच आखणी चुकली. मी रविवारी प्रवास, सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ असे ठरवून मोकळा झालो होतो. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे मुलीने शोधून सांगितले तेव्हा तो कागद बाजूला ठेवावा लागला. त्यामुळे या भागाची आखणी करताना आधी वार ठरवावेत आणि मग तारखा पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. बुधवार ते रविवार या पाच दिवसांत दोन्ही लेणी उघडी मिळतात आणि क्रम कसाही लावता येतो.

दुसरी चूक ठिकाणांच्या यादीची होती. देवगिरी, खुलताबाद, वेरूळची लेणी, घृष्णेश्वर, पाणचक्की आणि बीबी का मकबरा ही सारी ठिकाणे एकाच दिवसात दाखवणाऱ्या सहली संभाजीनगरातून निघतात. नकाशावर ते शक्यही दिसते, कारण देवगिरी शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याच रस्त्याने पुढे वेरूळही तिसाच्या आत-बाहेर येते. मात्र अशा दिवसात कैलास लेण्याच्या वाट्याला तासभरही येत नाही आणि ज्याला पायऱ्या चढवत नाहीत त्याच्या वाट्याला गाडीतले बसणे येते. आम्ही यादीसमोर एक नवा रकाना आखला आणि त्यात प्रत्येक ठिकाणी पायऱ्या किती, सावली कुठे, बसायला जागा आहे का, एवढेच लिहिले. त्या रकान्याने खुलताबाद आणि घृष्णेश्वर यादीतून गेले. आईने घृष्णेश्वर पूर्वी केलेले होते, त्याऐवजी तिला नाथांचे पैठण हवे होते. तिचे माहेर वारकऱ्यांचे आहे.

प्रवासाच्या खर्चाचे गणित मांडताना एक गोष्ट कळली. लातूरहून पाच-सहा दिवसांसाठी गाडी भाड्याने घेतली, तर गाडीवाले दररोज किमान 300 किलोमीटरचे भाडे धरतात, मग ती त्या दिवशी 50 किलोमीटर फिरो वा दिवसभर उभी राहो. आमचे मुक्कामाचे बरेच दिवस थोड्या फिरण्याचेच होते. याउलट एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, 75 वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे आणि मुलगा बारा वर्षांच्या आतला असल्याने त्याचेही अर्धेच. पाच जणांत पूर्ण तिकीट माझे एकट्याचे निघाले. म्हणून जाणे-येणे एसटीने आणि तिथे गरजेपुरती गाडी, असे ठरवले आणि वाचलेले पैसे मुक्कामाच्या जागेवर घातले. आईचे मूळ आधार कार्ड मात्र हातातल्या पिशवीत ठेवावे, कारण वाहकाला वयाचा पुरावा दाखवावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत आरक्षण केल्याशिवाय निघू नये आणि वयस्कर माणसासाठी पुढच्या चाकाच्या मागची, दाराजवळची आसने मागून घ्यावीत, कारण मागच्या आसनांवर गचके सोसावे लागतात.

अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई असा हा रस्ता सहा-सात तासांचा आहे. बरोबर ज्वारीचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही होते, त्यामुळे वाटेत बाहेरच्या खाण्याचा प्रश्न आला नाही. बालाघाटाच्या पट्ट्यात या दिवसांत सीताफळे उतरलेली असतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि स्थानकावर डोळे उघडलेली चार सीताफळे घेतली ती रात्रीपर्यंत खायला तयार झाली. शहागडला गोदावरीचा पूल येताच आईने हात जोडले आणि मुलांना नदी दाखवली.

मुक्कामाच्या जागी मात्र मनस्ताप झाला. मी दूरध्वनीवर तळमजल्यावरची खोली स्पष्टपणे मागितली होती आणि होकारही मिळाला होता. प्रत्यक्षात दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या दिल्या आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. तासभर बोलणी झाल्यावर एक खोली खाली मिळाली, पण दिवसभर बसून आलेल्या आईला तोवर बाकावर ताटकळावे लागले, याचे मला फार वाईट वाटले. तळमजला, लिफ्ट आणि कमोड या तीन गोष्टी लेखी संदेशात मागाव्यात आणि होकारही लेखीच घ्यावा. तोंडी शब्दावर म्हाताऱ्या माणसाला नेऊ नये.

गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास आम्ही देवगिरीच्या पायथ्याशी होतो. यादवांची ही राजधानी. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजीने रामदेवरायावर इथे स्वारी केली आणि 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणून गावाला दौलताबाद नाव दिले. वरच्या बारादरीपर्यंत, म्हणजे माथ्याजवळच्या महालापर्यंत, सातशेहून अधिक पायऱ्या आहेत, हे आमच्या रकान्यात आधीच लिहिलेले असल्यामुळे आईला चढायला लावण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्या दरवाजापासून चांदमिनारपर्यंतची वाट बरीचशी सपाट आहे. तिथे आई आणि पत्नी सावलीत थांबल्या, मी मुलांना घेऊन वर गेलो आणि आम्ही खाली उतरल्यावर पत्नी बारादरी न पाहता खंदकाच्या पुलापर्यंत जाऊन आली. खंदक पार केल्यावर लागणाऱ्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, विजेरी जवळ असावी, वटवाघळांचा वास सोसण्याची तयारी असावी आणि लहान मुलाचा हात सोडू नये. उन्हाच्या आत, साडेदहापर्यंत खाली यावे. दुपार पूर्ण विश्रांतीसाठी ठेवली होती. संध्याकाळी बीबी का मकबरा पाहिला, जो उशिरापर्यंत उघडा असतो आणि दिव्यांच्या उजेडात शांतपणे बसून पाहता येतो. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने आपली आई दिलरस बानू बेगम हिच्यासाठी तो बांधला, हे ऐकल्यावर आईने त्या घुमटाकडे पुन्हा एकदा निरखून पाहिले.

शुक्रवार अजिंठ्याचा होता आणि सगळी सहल खरे तर याच दिवसासाठी होती. शहरापासून लेणी 100 किलोमीटरच्या आसपास आहेत. फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव आणि मग घाट उतरून फर्दापूर असा रस्ता आहे. अजिंठा गाव घाटमाथ्यावर आहे आणि लेणी तिथून पुढे, घाटाखाली आहेत, त्यामुळे एसटीने जाणाऱ्यांनी अजिंठा गावात उतरण्याची चूक करू नये. फर्दापूरजवळच्या लेणी फाट्यावरच उतरावे. खाजगी गाड्याही फाट्यावरच थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनेच जावे लागते. त्या बसचे तिकीट वेगळे आहे. लेण्यांचे तिकीट भारतीयांना 40 रुपये असून 15 वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. आम्ही सहाला निघालो होतो, त्यामुळे नऊला दार उघडताना तिथे पोहोचलो आणि पुढचा तासभर गर्दीच्या आधीचा मिळाला.

सुरुवातीच्या पायऱ्या खड्या आहेत. तिथे डोली मिळते. चार जण खुर्ची उचलून नेतात. आई प्रथम तयार होईना. दुसऱ्यांच्या खांद्यावर बसून देवाला जाऊ नये, असे तिचे म्हणणे होते. शेवटी डोलीवाल्यांपैकी वयाने थोर असलेल्या गृहस्थांनीच तिला "मावशी, हे आमचं रोजचं काम हाय, बसा तुम्ही" असे म्हटले, तेव्हा ती बसली. दर आधी ठरवावा, तो जाऊन-येऊन आहे का आणि कोणत्या लेण्यापर्यंत आहे हे विचारून घ्यावे, आणि त्यावर घासाघीस करू नये. त्या पायऱ्यांवर माणूस उचलून नेणे काय असते, हे शेजारून चालताना कळते.

वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर 30 लेणी आहेत. सर्व लेणी पाहण्याचा हट्ट आम्ही धरला नाही. चित्रांसाठी 1, 2, 16 आणि 17, जुन्या काळच्या चैत्यासाठी, म्हणजे प्रार्थनागृहासाठी, 9 आणि 10, आणि शेवटी बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या भव्य शिल्पासाठी 26, एवढी सात लेणी चार तासांत नीट पाहून होतात. जुनी लेणी इसवी सनापूर्वीची, सातवाहन काळातली आहेत आणि बहुतेक मोठी चित्रे वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली आहेत. 10 क्रमांकाच्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 मध्ये खांबावर आपले नाव कोरून ठेवले. अशा जागी नाव कोरण्याचे काम आजही थांबलेले नाही, म्हणून ती गोष्ट मुलांना मुद्दाम सांगितली.

चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात, म्हणून बंदांचे बूट घालून जाऊ नये, आणि मोजे जवळ ठेवावेत, कारण दुपारी बाहेरचा दगड तापतो. फ्लॅशला बंदी आहे आणि ती मनापासून पाळावी. आत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो. बाहेरच्या उन्हातून आत आलेल्या माणसाला पहिली दोन-तीन मिनिटे काहीच दिसत नाही, आणि बहुतेक लोक तेवढ्यात एक फेरी मारून बाहेर पडतात. पहिल्या लेण्यात आईला आम्ही खांबापाशी उभे केले. मी घाईने पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र दाखवू लागलो, तेव्हा तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, "थांब जरा, आता दिसायलंय मला." आधी तिला फक्त झुकलेली मान दिसली, मग हातातले निळे कमळ, मग मुकुटाची नक्षी. मुलीलाही तोवर दिसले नव्हते, तिला ते आजीने दाखवले. अजिंठ्याबद्दल एकच सूचना द्यायची झाली तर मी हीच देईन, की प्रत्येक चित्रलेण्यात शिरल्यावर आधी पाच मिनिटे नुसते उभे राहावे.

परतताना फाट्यावर गारगोट्या आणि स्फटिक विकणारे विक्रेते मागे लागतात. मुलांना दगडांची आवड असेल तर एखादा जरूर घ्यावा, पण बसमधून उतरताच घेऊ नये; दोन-तीन दुकाने पाहिल्यावर किंमत आपोआप समजते.

शनिवारी वेरूळला आम्ही जाणूनबुजून उशिरा, अकरानंतर गेलो. तिथली लेणी पश्चिमाभिमुख आहेत आणि दुपार कलली की ऊन आतपर्यंत येते. 34 लेण्यांपैकी 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन आहेत. कैलास म्हणजे सोळावे लेणे प्रवेशद्वाराच्या अगदी समोर असल्यामुळे सगळे आधी तिकडेच वळतात. आम्ही आधी दहाव्या लेण्यातला, लाकडी तुळया दगडात कोराव्यात तशा छताचा चैत्य पाहिला, नंतर बसने जैन लेण्यांतली इंद्रसभा पाहिली आणि कैलास तीननंतरसाठी राखून ठेवला. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, हा डोंगर वरून खाली कोरत आणला. आतले अंगण सपाट आहे, त्यामुळे आईला तो खालून संपूर्ण फिरता आला आणि कैलास हलवणाऱ्या रावणाच्या शिल्पासमोर ती बराच वेळ उभी होती. वेरूळला माकडे आहेत. खाण्याची पिशवी हातात लोंबती ठेवू नये.

रविवारी पैठणला गेलो. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आहे. गावातले नाथांचे मंदिर आणि गोदाकाठची समाधी ही दोन्ही ठिकाणे आईने कोणाच्याही आधाराशिवाय पाहिली. जायकवाडीचा जलाशय काठोकाठ भरलेला होता. पैठणी घ्यायची असेल तर आधी हातमागावर बसलेला विणकर पाहावा आणि मग दुकानात जावे. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहिला तर मागचीही नक्षी पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात. पत्नीने साडी घेतली नाही, पण ही ओळख मात्र तिने नीट शिकून घेतली.

सोमवारी सकाळच्या एसटीने परत निघालो. शाळा मंगळवारी सुरू होणार होती आणि संध्याकाळी कपडे धुण्यापुरता वेळ हाती राहील, अशा बेतानेच परतीचे आरक्षण केले होते. बीड सोडल्यावर आईने विचारले, "औंढ्याला पायऱ्या किती हायत रे?" चढायच्या फारशा नाहीत, पण नागनाथाचा गाभारा तळघरात आहे आणि अरुंद जागेतून वाकून खाली उतरावे लागते, असे मी सांगितले. मुलीने वही काढली, नव्या पानावर औंढा नागनाथ असे लिहिले आणि पायऱ्यांच्या रकान्यात आजीच्या सांगण्यावरून लिहिले, "उतरायच्या, आधाराला दोघे हवेत."