तुम्ही विचारलेत म्हणून : तीन दिवस सूर्याविना

मी नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवत असे आणि दर रविवारी शरणपूरच्या चर्चमध्ये उपासनेला जातो, हे कळले की समोरचा जरा घुटमळतो आणि मग विचारतोच, "सर, जग सहा दिवसांत झाले हे तुम्ही खरेच मानता का?" परवा पांडवलेण्याच्या पायऱ्यांवर एका जुन्या विद्यार्थ्याने काळ्या खडकावर हात टेकून हेच विचारले. तो बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, हे मीच त्याला वर्गात सांगितले होते.

सृष्टी देवाने निर्माण केली हे मी मानतो. ते दिवस चोवीस तासांचे होते असे मानत नाही, आणि याचे कारण मला भूगोलाच्या पुस्तकाआधी बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातच सापडले. तिथे पहिल्या दिवशी प्रकाश होतो, तिसऱ्या दिवशी झाडेझुडपे उगवतात आणि सूर्य येतो चौथ्या दिवशी. पण संध्याकाळ झाली, सकाळ झाली, हे पालुपद मात्र पहिल्या दिवसापासून चालूच असते. सूर्य नसताना संध्याकाळ कशी झाली, असे मी दहाव्या वर्षी संडे स्कूलमध्ये विचारले, तेव्हा मला वचन पाठ करायला बसवले गेले. पुढे कळले की तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताने हाच प्रश्न केला होता, आणि त्यानंतरच्या संत ऑगस्टीनच्या मते देवाने सर्व काही एकदमच निर्मिले, दिवसांची मांडणी आपल्याला समजावे म्हणून आहे. डार्विनला घाबरून त्यांनी असे लिहिले, असे तर कोणी म्हणू शकणार नाही.

त्या चौथ्या दिवसाकडे आणखी जवळून पाहावे. हिब्रूत सूर्याला शब्द आहे, चंद्रालाही आहे, तरी लेखक ते वापरत नाही. 'मोठी ज्योती', 'लहान ज्योती' एवढेच म्हणतो, आणि तारे तर जाता जाता उरकतो. शेजारच्या बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, सूर्य आणि चंद्र हे देव होते. तिथल्या सृष्टिकथेत मार्दुक हा देव तियामत या देवीचे शव चिरून आकाश करतो आणि देवांचे कष्ट उपसायला माणूस घडवला जातो. उत्पत्तीत सूर्य हा टांगलेला दिवा आहे आणि माणूस, स्त्री आणि पुरुष दोघेही, देवाच्या प्रतिरूपाचा. हा अध्याय ज्या वादात उतरला आहे तो हा. खडकाच्या वयाचा नव्हे. दुसऱ्या अध्यायात तर उलट माणूस आधी घडतो आणि बाग नंतर लावली जाते, म्हणजे दिनदर्शिका म्हणून वाचले तर दोन पानांतच घोटाळा होतो.

माझ्या आजोबांच्या इंग्रजी बायबलच्या पहिल्याच पानावर समासात ४००४ असा आकडा होता, म्हणजे जग इ.स.पू. ४००४ साली झाले. मी तो कितीतरी वर्षे देवाचाच समजत होतो. तो होता आयर्लंडच्या आर्चबिशप अशर यांचा, १६५० साली छापलेल्या ग्रंथातला, बायबलमधल्या वंशावळींची वर्षे जुळवून काढलेला.

कॅथलिक मंडळींचे या बाबतीत बरेच आधी मिटले; विश्व प्रसरण पावते हे १९२७ साली मांडणारे बेल्जियन शास्त्रज्ञ लमेत्र कॅथलिक धर्मगुरूच होते.

पण आमच्याच मंडळीत चोवीस तासांचे दिवस मानणारे माझे एक स्नेही आहेत आणि त्यांना अडाणी म्हणणे मला पटत नाही. ते म्हणतात, शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशी विसावा घेण्याची, आज्ञाच देवाच्या सहा दिवसांवर उभी आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर आहे, की देवाचा आठवडा हा आपल्या आठवड्याचा नमुना आहे, आणि नमुन्याची लांबी तीच असावी लागत नाही. त्यांचा दुसरा प्रश्न जड आहे : पहिला माणूस आदाम याच्या पापाने मरण आले असे प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो, मग माणसाआधीचे जीवाश्म कोणत्या मरणाचे? पौल माणसाच्या मरणाविषयीच बोलतो असे मी म्हणतो. त्यांचे समाधान होत नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही पुरते होत नाही.

उपासनेत आम्ही दोघे एकाच बाकावर असतो आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेचा जाहीरनामा, एकत्र म्हणतो. त्यात आकाश व पृथ्वी यांचा निर्माणकर्ता असे शब्द आहेत. दिवस मोजलेले नाहीत.