बर्फाचं ब्लेड, सीनेचा गाळ

सप्टेंबर 2025 च्या शेवटच्या आठवड्यात सीनेनं काय केलं, हे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. माढा, मोहोळपासून उत्तर आणि दक्षिण सोलापूरपर्यंत नदीकाठची गावंच्या गावं पाण्यात गेली. पाणी ओसरलं, हेलिकॉप्टरची घरघर थांबली, आणि मग लोकांचं खरं काम सुरू झालं. घरात, गोठ्यात, गल्लीत गुडघ्याएवढा गाळ.

माझं अक्कलकोट रोड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. टॉवेल कारखान्यांच्या ट्रॉल्या, रॅक, लूमचे तुटलेले पार्ट, असलीच कामं बारमाही. त्या आठवड्यात एका सकाळी शटर वर करतोय तोवर सीनाकाठचे एक शेतकरी टेम्पोत छोटा ट्रॅक्टर घालून दारात. द्राक्षबागेत फवारणीला घेतलेला, 18 एचपीचा, दोन ओळींत मावेल एवढा अरुंद. डोळे लाल, पँट मांडीपर्यंत चिखलानं ताठ झालेली.

"मिस्त्री, म्होरल्या बंपरला एक जाड पत्रा वेल्ड मारून द्या. गाळ ढकलत न्यायचाय. दोन दिस झालं, म्हशी चिखलात उभ्या हायती."

जेसीबी त्यांच्या गल्लीत शिरत नव्हता, आणि जिथं शिरत होता तिथं त्याची पाळी लागत नव्हती. मागं लावायची सुपडी त्यांच्याकडं होती, पण ती लावली की चाकं आधी गाळात जातात, रुततात, आणि गोठ्यासारख्या बंद जागेत तर उलटं घुसावं लागतं. ब्लेड पुढंच हवं, हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

"आबा, ब्लेड देतो. पण बंपरला नाही मारणार."

"का वो? तासाभराचं तर काम हाय."

ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स हे एकमेकांना बोल्टनं जोडलेले असतात आणि तोच त्याचा सांगाडा. पुढचा बंपर ज्या बिडाच्या तुकड्याला धरलेला असतो, त्यालाच पुढचा ॲक्सल लटकलेला असतो. बंपरवर पत्रा लावून दगडाला धडकलं की सगळा मार त्या बिडावर. बीड वाकत नाही, तडकतं. असा तडकलेला एक ट्रॅक्टर माझ्या दारात येऊन गेलाय. त्या मालकाचा चेहरा मी विसरलेलो नाही. पुरानं घर धुऊन नेलेल्या माणसाचा उरलेला ट्रॅक्टर मोडायला मी हातभार लावणार नव्हतो.

दुसरा रस्ता मला ठाऊक होता तो भाच्यामुळं. भाचा अमेरिकेत मिशिगनमध्ये असतो. तिकडं घरापुढच्या वाटेवरचा बर्फ ज्याचा त्यानं काढायचा. त्यानं जुना लॉन ट्रॅक्टर घेतला होता, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र. त्याला बसणाऱ्या तयार ब्लेडची किंमत परवडेना, तेव्हा मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही मामा-भाच्यांनी व्हिडिओ कॉलवर बसून घरीच जमवलं. पोटाखालचं कापणीचं डेक काढलं की जागा मोकळी होते. तिथून दोन दांडे मागच्या ॲक्सलपर्यंत नेऊन पिनेनं अडकवायचे. ढकलण्याचा जोर मागच्या चाकांपासून थेट ब्लेडला. पुढच्या भागानं ब्लेड फक्त उचलून धरायचं. पत्र्यासाठी त्यानं पाणी तापवायची जुनी टाकी उभी चिरली. टायरला साखळ्या, मागं वाळूची पोती. त्या यंत्राचा हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारा, गिअरबॉक्स गवत कापण्याच्या बेताचा असतो, म्हणून बर्फ पडत असतानाच थोडा थोडा काढायचा, साचून घट्ट होऊ द्यायचा नाही.

पद्धत तीच घ्यायची ठरवलं, पण माप तेच घेऊन चाललं नसतं. ताजा भुसभुशीत बर्फ एका घनमीटरला फार तर 100 किलो भरतो. सीनेचा ओला गाळ त्याच्या सोळा-सतरा पट. चार फूट रुंद आणि दीड फूट उंच ब्लेडपुढं बर्फाचा ढीग साठला तर बारा-पंधरा किलो. गाळाचा साठला तर दोनशे. सात-आठशे किलोचा ट्रॅक्टर, तोही चिखलात उभा राहून, तेवढं ढकलू गेला तर चाकं जागीच फिरणार. म्हणून उंची एक फुटावर आणली. म्हणजे पुढचा ढीग नव्वद किलोच्या आसपास. एका खेपेला कमी जाईल, पण जाईल.

सामान भंगारवाल्याकडंच शोधलं. 24 इंची जुना पाण्याचा पाइप, 6 मिलिमीटर जाड. त्याचा चार फुटांचा तुकडा घेऊन गॅस कटिंगनं सहावा हिस्सा उभा कापला की फूटभर उंचीचं, आयतं बाक असलेलं ब्लेड. रोलिंगचा खर्च वाचला. खालच्या धारेला कमानपाटा, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगची पट्टी, बोल्ट करायचा माझा विचार होता. वेल्ड नाही, कारण तो स्प्रिंगचा पोलाद असतो आणि नीट तापवल्याशिवाय वेल्ड मारला तर जोडाशेजारीच चिरतो. पण मी विचारलं, "खाली जमीन कसली?" आबा म्हणाले, "वाड्यात शाबादी फरशी, गोठ्यातबी." मग पोलादी धार बादच. शहाबादी फरशीच्या सांध्यात धार अडकली की फरशीच उचकटून येते. साखर कारखान्याच्या कन्व्हेयरच्या जुन्या पट्ट्याचं जाड रबर मिळालं, ते चार बोटं खाली लोंबतं ठेवून पट्टी-बोल्टनं आवळलं. भाच्याकडंही पेव्हर ब्लॉकसाठी रबराचीच धार लावतात.

ब्लेड दगडाला अडलं तर पुढं कलून परत सरळ व्हावं लागतं, नाहीतर सगळा झटका पिनांवर आणि चालवणाऱ्याच्या मनगटावर. भाच्याला त्याच्या स्प्रिंगा शोधायला आठवडा गेला होता. मला भंगाराच्या ढिगात कल्टिव्हेटर दिसला. फणाला दगड लागला की तो मागं जातो आणि स्प्रिंग त्याला परत आणते, हे आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. त्याच्याच दोन जोड्या काढल्या.

ढकलायचे दांडे 75 मिलिमीटरच्या चॅनेलचे. मागच्या ॲक्सल हाउसिंगला दोन्ही बाजूंनी यू-बोल्ट मारून त्यात पिनेनं बसवले. ट्रॅक्टरवर कुठंही वेल्डिंगचा ठिपका नाही. उचलण्यासाठी वेगळा सिलिंडर घेतला असता तर खर्च दुप्पट झाला असता. हायड्रॉलिक लिफ्ट मागं आहेच. तिच्या दांड्याला वायर रोप बांधला, पोटाखालून पुढं नेला, पुढच्या पुलीवरून ब्लेडच्या फ्रेमला. मागचा दांडा वर गेला की पुढचं ब्लेड वर. लिव्हर खाली केला की रोप सैल आणि ब्लेड स्वतःच्या वजनानं जमिनीवर. पुलीला मात्र सेकंडहँड बेअरिंग घातलं नाही, नवीनच आणलं. पत्र्यात, रंगात हवी तेवढी काटकसर करावी. रोप, पिना आणि बोल्ट यांच्यात करू नये, कारण तिथं तुटलं तर माणसाला लागतं.

वजन वाढून चाकं घसरू नयेत म्हणून मागच्या टायरमध्ये पाऊण उंचीपर्यंत पाणी भरलं. भाच्याकडं नुसतं पाणी भरलं तर गोठतं, म्हणून तिकडं कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. आपल्याला नळी लावली की झालं. भंगार, रबर, बोल्ट, गॅस, रॉड असं सगळं धरून नऊ हजारांच्या आत बसलं. मजुरीचं मी बोललोच नाही.

ट्रॅक्टरबरोबर मीही गावात गेलो. रंगही न दिलेलं ब्लेड, बिघडलं तर जागेवर बघायला कुणी हवं होतं. गल्लीत भिंतींवर छातीएवढ्या उंचीला पाण्याची रेघ, आणि कुजलेल्या कडब्याचा वास असा की घशात बसत होता. पहिल्या गिअरला, लो मध्ये, थर कापत जायचं ठरलं: खालपर्यंत एकदम नाही, आधी वरचा चार-सहा इंच. आबांनी ब्लेड टेकवलं आणि पुढं घेतलं. गाळ बाकावर चढून स्वतःवरच उलटत गेला आणि मागं फरशी दिसली. काळी, ओली, पण जागची न हललेली.

वाड्यात घरच्या मावशी काठी घेऊन पुढं चालत होत्या. "हळू रं बाबा, हितं माझं जातं हाय," म्हणत त्यांनी गाळात काठी रोवून खूण केली. मग दुसरी खूण उखळाची. त्या दोन काठ्यांना वळसा घालून ट्रॅक्टर फिरला. गोठ्यात दावणीजवळ ब्लेड कशालातरी अडलं, पुढं कललं, स्प्रिंगा ताणल्या, आणि आबांनी मागं घेताच खाडकन सरळ झालं. गाळाखाली म्हशीची दगडी मेख होती. उकरून पाहिली, तिला धक्काही नव्हता. पिनाही सरळ. मी तेव्हा पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

मध्ये एकदा इंजिन तापलं. रेडिएटरच्या जाळीवर शिंतोडे बसले होते. आत्या-काकूंनी घागरीनं पाणी मारून ती धुतली. तेवढ्यात मी पुढच्या मडगार्डमध्ये कन्व्हेयरचंच उरलेलं रबर अडकवलं. अंधार पडेपर्यंत गोठा रिकामा झाला, म्हशी कोरड्या फरशीवर आल्या, आणि ट्रॅक्टर शेजारच्या घरात शिरला. रात्री भाच्याला व्हिडिओ पाठवला. "मामा, रोपची पुली कुठं बसवलीत ते क्लोज दाखवा," एवढंच त्याचं उत्तर. त्याच्या यंत्राला मागची लिफ्ट नाही, तेव्हा त्याला हा उपयोग नव्हता. हाताच्या लिव्हरची लांबी वाढवून घे, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेडपुढं त्याच गावचे आणखी छोटे ट्रॅक्टर उभे. माप हातात होतं, पाइपही उरला होता, काम भराभर निघालं. एका पोराच्या ट्रॅक्टरचा डावा ब्रेक लागतच नव्हता. पुढं वजन, मागं पाणी, गल्लीत बायका-पोरं. तसा मी त्याला सोडला नाही. शेजारच्या गॅरेजवाल्याला बोलावून लायनर बदलून घेतले आणि दुपारनंतर त्यालाही ब्लेड चढवून दिलं.