शेवटचा ‘र’

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहायला बसलो, तेव्हा स्नेहसंमेलने आठवली नाहीत की क्रीडांगण. आठवले ते नववीतले मराठीचे तास. बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता अवघ्या आठ ओळींची, पण सरांनी तिला चार तास दिले.

पहिला तास मात्रा मोजण्यातच गेला. ‘चार घरांचे । गाव चिमुकले । पैल टेकडी । कडे’ अशी ओळ तोडून आठ, आठ, आठ आणि तीन मिळून 27 मात्रा सरांनी फळ्यावर मांडल्या. सहावी ओळ लिहायला मला उठवले. शुद्धलेखनाच्या अभिमानात मी ‘कुरणांमधुनि’च्या जागी ‘कुरणांमधून’ लिहिले आणि एक मात्रा वाढली. सर रागावले नाहीत. माझा दीर्घ ऊकार बोटाने पुसत एवढेच म्हणाले, ‘झरा अडवलास की रे!’

खरी फजिती चाचणीत झाली. आम्हा कोल्हापूरकरांना औदुंबर म्हटले की नृसिंहवाडी आठवते. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचे पाणी तिथे थेट दत्तपादुकांपर्यंत चढते, त्यामुळे पाण्यात पाय सोडून बसलेल्या औदुंबराचे आम्हाला नवल ते काय! खानदेशातल्या या कवीच्या आठ ओळींत दत्तमहाराजांचे नाव कुठेही नाही, हे लक्षात न घेता मी कवितेचा भाव ‘भक्ती’ असा ठोकून दिला. सरांनी गुण कापले आणि समासात शेरा लिहिला : ‘क्रियापदे पाहा.’

पाहिली. झरा वाहतो, पायवाट डोहाकडे चालत जाते, काळिमा लाटांवर पसरतो. आठव्या ओळीत मात्र प्रथमच कोणीतरी बसते. तीनदा आलेला हिरवा रंगही सहाव्या ओळीत काळ्या डोहाशी येऊन संपतो. या कवितेच्या अर्थाविषयी समीक्षकांत बरेच वाद झाले आहेत, पण तिला नुसती ‘उदास’ म्हणून मोकळे होणे मला आजही पटत नाही, कारण कवीने त्या काळिम्याला ‘गोड’ म्हटले आहे.

शेवटच्या दोन ओळी मोजल्या, तर 26च मात्रा भरतात. उरलेली एक मात्रा म्हणणाऱ्याने शेवटचा ‘र’ लांबवून भरून काढायची असते. ‘औदुंबर’ म्हणताना सारा वर्ग तो ‘र’ आपापल्या दमाप्रमाणे ओढत असे, आणि मागच्या बाकावरचा एक जण हमखास सर्वांच्या नंतर थांबत असे.