तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फातली फ्रिसबी, आणि जिंकलं कोण

मी फ्रीस्टाइल फ्रिसबी खेळते, म्हणजे प्लॅस्टिकची चकती, तिला डिस्क म्हणतात, ती बोटाच्या नखावर फिरवत खेळायचा खेळ. जळगावात मेहरूण तलावाच्या काठावर सकाळी फिरायला येणारे काका-काकू, गल्लीतली पोरं, लग्नाकार्यात भेटणारे पाहुणे, सगळ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ताई ही ताटली नखावर फिरते ती पडत कशी नाही. आणि मी सांगितलं की हे मी स्वित्झर्लंडमधल्या एका स्कीच्या गावात शिकले, तिथं भर बर्फाच्या दिवसांत याची स्पर्धा पाहिली आणि थोडी खेळलेसुद्धा, की लगेच दुसरा, मग जिंकलं कोण? मागच्या आठवड्यात फैजपूरला लग्नात मामेभावाच्या सासऱ्यांनी तर एका दमात दोन्ही विचारले, आणि वर म्हणाले पोरी तू जळगावची, मे महिन्यात ४५ डिग्रीत राहणारी, तुला बर्फातल्या खेळाचं कसलं वेड लागलं? तेवढ्यात वाजंत्री सुरू झाली आणि उत्तर राहून गेलं. म्हणून इथं लिहिते.

हॉटेल मॅनेजमेंट करताना शेवटच्या वर्षी इंटर्नशिप लागली, हिवाळ्याचा पूर्ण सीझन, एका हॉटेलच्या किचनमध्ये. गाव १५०० मीटर उंचीवर, छोटी ट्रेन वर चढत जाते, सकाळी सगळे बूट खडखडवत स्की घेऊन लिफ्टकडे जातात आणि संध्याकाळी भुकेले परत येतात. फेब्रुवारीत एका वीकेंडच्या काही दिवस आधी मात्र वेगळेच लोक उतरले. पंधरा-वीस जण, स्की नाहीत, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये रंगीत डिस्क. नाश्त्याला बसले तर एकेकाच्या बोटांना लांब खोटी नखं, पुरुषांनासुद्धा. मी ऑम्लेट घेऊन गेले तर एक साठीच्या आसपासच्या बाई टेबलावर बसल्या बसल्या डिस्क नखावर फिरवत होत्या आणि दुसऱ्या हाताने कॉफी पीत होत्या. मी ट्रे धरून तशीच उभी. कारण मला ते ओळखीचं वाटलं हो! लहानपणी आम्ही भोवरा फेकून हातजाळी घ्यायचो, जमिनीला लागायच्या आत भोवरा तळव्यावर झेलायचा, आणि तो आर टेकवून तळव्यावर गुणगुणत फिरत राहायचा. तेच होतं ते, फक्त भोवरा चपटा आणि आर म्हणजे आपलं नख.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. डिस्क पडत नाही कारण ती गरागरा फिरते आहे. फिरणारी वस्तू आपला आस सहजासहजी सोडत नाही, भोवऱ्याचं तसंच, सायकलच्या चाकाचंही तसंच. नख डिस्कच्या खाली बरोबर मध्यावर हवं, डिस्क जिकडे सरकेल तिकडे हात न्यायचा, आणि घर्षण कमी व्हावं म्हणून खोटं नख चिकटवायचं आणि डिस्कच्या पोटाला सिलिकॉन स्प्रे मारायचा. शटरला आणि बिजागऱ्यांना मारतात ना तोच, मी हार्डवेअरच्या दुकानातून आणते आणि दुकानदार दरवेळी विचारतो कुठलं शटर अडकलं. याला नेल डिले म्हणतात. गरका संपत आला की डिस्क डुगडुगायला लागते आणि मग वाऱ्यावर तिच्या कडेला तळव्याने थापटी मारत गरका वाढवायचा, ते ब्रशिंग. उजव्या हाताने साधी बॅकहँड फेकली तर वरून बघताना ती घड्याळासारखी फिरते, तिला क्लॉक म्हणतात, उलटी फिरली तर काउंटर, आणि चांगल्या खेळाडूला दोन्हीकडून सगळं करता यावं लागतं. आणि शेवटी झेल, तोही सरळ घ्यायचा नाही, पाठीमागून, पायाखालून, उडी मारून. एका झेलाचं नाव फ्लेमिंगो, एकाचं स्केअरक्रो म्हणजे आपलं शेतातलं बुजगावणं, कोपर वर आणि पंजा खाली लोंबता. ते नाव कळल्यावर मला आमच्या चोपड्याच्या मळ्यातलं, बाबांचा जुना शर्ट घातलेलं बुजगावणंच डोळ्यापुढे आलं.

आमची अमळनेरची आजी पहिल्यांदा बघून म्हणाली, "व माय, हाई ताट फिरी राह्यनं!" आणि ताट म्हणाली ते बरोबरच म्हणाली, कारण हा खेळ ताटापासूनच निघाला. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट गावी फ्रिसबी नावाची पाय बनवणारी बेकरी होती, तिच्या रिकाम्या पत्र्याच्या ताटल्या कॉलेजची पोरं एकमेकांकडे फेकायची. फ्रेड मॉरिसन नावाच्या माणसाने प्लॅस्टिकची चकती बनवली, वॅम-ओ कंपनीने १९५७ साली ती बाजारात आणली आणि त्याच वर्षी त्या बेकरीवरून फ्रिसबी नाव पडलं. पुढे १९७४ मध्ये टोरोंटोला फ्रीस्टाइलची स्पर्धा झाली, म्हणजे लांब कोण फेकतो ते नाही, तर संगीतावर दोघांनी मिळून काय करून दाखवलं ते. आपल्याकडे कॉलेजात पोरं टीम करून जे खेळतात ते अल्टिमेट, त्याची डिस्क १७५ ग्रॅमची, फ्रीस्टाइलवाले बहुतेक १६० ग्रॅमची वापरतात.

आता बर्फाचं. खरी स्पर्धा बर्फात नव्हती, गावच्या शाळेच्या जिम्नॅशियममध्ये होती, लाकडी फ्लोअर, एका कोपऱ्यात स्पीकर. बाहेर थंडीत बोटं बधिर होतात, हातमोजे घातले तर नख संपलं, प्लॅस्टिक कडक पडतं, आणि बर्फ डिस्कला लागून वितळला की ओल्या डिस्कवर नख घसरायचं सोडून अडखळतं. पण दुपारी ऊन पडलं आणि सगळे स्कीच्या उताराच्या पायथ्याशी सपाट जागेवर गेले, तिथं जॅम केला, जॅम म्हणजे गुण नाहीत, घोळका करून नुसतं खेळायचं. लाल आणि नारिंगी डिस्कच घेतल्या कारण पांढरी बर्फात पडली की शोधत बसा. आणि बर्फाचा एक फायदा असा की माणूस बिनधास्त अंग टाकतो, जिम्नॅशियममध्ये जे झेल कोणी घेतले नसते ते तिथं सूर मारून घेत होते आणि तोंडभर बर्फ घेऊन हसत उठत होते.

एक गोष्ट मी घरी आल्यावर भावाला सांगितली, तो भुसावळला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. म्हटलं तिथं डिस्क अगदी आपल्याकडे मेमध्ये तरंगते तशीच तरंगायची, मला वाटलं होतं डोंगरावर हवा विरळ, म्हणजे पटकन खाली येईल. त्याने वहीच काढली. १५०० मीटरवर हवेचा दाब कमी हे खरं, पण तापमान उणे ५, आणि थंड हवा दाट असते. जळगाव समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या आसपास, दाब जास्त पण मेमधल्या दुपारी ४२ डिग्री, गरम हवा पातळ. दोन्हीकडचा हिशोब केला तर हवेची घनता जवळजवळ सारखीच निघाली, टक्का-दीड टक्क्याचा फरक. म्हणजे भो, बर्फातल्या त्या गावची हवा आणि मे महिन्यातल्या आपल्या जळगावची हवा डिस्कला सारखीच! सासरेबुवा, बर्फाचं काय वेड विचारलंत ना, हे तुमच्यासाठी खास. मी तो कागद जपून ठेवलाय.

आता दुसरा प्रश्न, जिंकलं कोण. सांगते, दोन तरुण पोरं जिंकली, दोघंही उंच, इतके जुळवून खेळत होते की एकाने डिस्क सोडली तर न बघता दुसऱ्याचं नख तिथं हजर. त्यांना गुण दिले ते दुसऱ्या खेळाडूंनीच, हे मला फार आवडलं. वेगळे अंपायर नाहीत, जे त्या फेरीत खेळत नाहीत ते कागद-पेन घेऊन बसतात, काही जण अवघडपणा बघतात म्हणजे डिफिकल्टी, काही जण सगळं मिळून दिसलं कसं ते, आणि काही जण चुका, डिस्क किती वेळा पडली. आणि अर्ध्या तासाने तेच उठून खेळतात आणि मघाशी ज्यांना गुण दिले ते आता यांना देतात. आपल्याकडे कबड्डीच्या एका पॉइंटवरून गावागावात वर्षानुवर्षं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय, म्हणून मी ते टक लावून बघत होते.

पण जिंकलं कोण एवढंच सांगून मला थांबता येत नाही, कारण माझ्या दृष्टीने त्या दिवशीची मोठी गोष्ट वेगळीच आहे. रविवारी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या, ज्याला यायचं त्याने यावं, आणि कॉफीवाल्या बाईंनी मला ओढून नेलं, किचनमधून अॅप्रनसकट. चार दिवस त्या मला रात्री जेवणाचं आवरून झाल्यावर जिन्याखालच्या जागेत शिकवत होत्या, एवढीच माझी तयारी. आणि चिठ्ठीत जोडीला त्याच आल्या. त्या तीस-चाळीस वर्षं खेळणाऱ्या, मी चार दिवसांची. गुण जोडीला मिळतात, माझ्या हातून डिस्क पडली की त्यांचेही गुण गेले. मला वाटलं आता या सगळं स्वतःच करतील आणि मला शेवटी एखादा झेल देतील. त्यांनी उलटं केलं. स्वतः डिस्क नखावर घेतली, ब्रश करून तिचा गरका इतका वाढवला की ती जागच्या जागी थांबल्यासारखी दिसायला लागली, आणि मग अगदी सपाट, हळू, माझ्या छातीच्या उंचीवर सोडली. मला काही करायचंच नव्हतं, फक्त नख वर धरायचं. डिस्क येऊन बसली आणि बसूनच राहिली. किती वेळ ते माहीत नाही, पण गाण्याचं एक कडवं संपलं एवढं आठवतं. तिकडे गरक्याला झी म्हणतात, आणि खेळून झाल्यावर मी थँक यू म्हटलं तर त्या म्हणाल्या थ्रो देताना दुसऱ्याला पुरून उरेल एवढा झी द्यायचा, मग तो काय करायचं ते बघून घेतो.

आमच्या हातून डिस्क सहा वेळा पडली, शेवटून दुसरे आलो. पण मी खेळते ती त्या एका थ्रोमुळे. अवघड झेल बघून लोक टाळ्या वाजवतात आणि वाजवाव्यातच, मीही वाजवते, पण आता माझं लक्ष आधी फेकणाऱ्याकडे जातं. झेलणारा इतका निवांत का दिसतोय, त्याच्याकडे एवढा वेळ कुठून आला, हे बघायचं असेल तर एक पाऊल मागे जाऊन डिस्क कुणी आणि कशी दिली ते बघा. डिस्क डुगडुगत आली असेल तर जगातला चांगला खेळाडूसुद्धा काही करू शकत नाही.

इथं आल्यावर मला जोडीदार नव्हता. वर्षभर भिंतीवर फेकून, स्वतःच वर उडवून घेत राहिले. मग भाचा आठवीत गेला, त्याला भोवरा येत नाही, आताच्या पोरांना कुणालाच येत नाही, पण डिस्क चार महिन्यांत यायला लागली. पहिले दोन महिने मी त्याला नखच लावू दिलं नाही, फक्त थ्रो, सपाट आणि गरका भरलेला, मी दहा पावलं लांब उभी. कंटाळायचा बिचारा, म्हणायचा मावशी मला फिरवायचं आहे. परवा उन्हं उतरताना तलावावरून वारा सुटला होता आणि त्याने मला क्लॉक थ्रो दिला, तो नखावर बसला आणि मी हात पाठीमागे नेऊन पुढे आणला तरी फिरतच होता, शेजारच्या बाकावरचे काका फोन ठेवून बघत बसले. मी उतरवला तेव्हा भाच्याने पहिलं काय विचारलं तर मावशी, झी पुरला का?

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही तिथंच असतो, ऊन वर यायच्या आत. ज्यांना बघायचं त्यांनी या, नखं आणि स्प्रे माझ्याकडे आहे, पाण्याची बाटली आणि टोपी तेवढी आपापली आणा.