कॅनबेराचा पिळलेला पंख

उन्हाळा लागला की माझ्याकडं प्लास्टिकच्या मॉडेल किटचे, म्हणजे सुटे भाग जोडून छोटं विमान-गाडी बनवायच्या खोक्यातले, वाकडे पार्ट यायला सुरुवात होते. आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात बाहेरच 42-43 असतं, मग पत्र्याच्या खोलीत माळ्यावर ठेवलेल्या खोक्याचं काय होत असेल ते बघा. किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, ते पुरतं मऊ पडतं 100 अंशाच्या आसपास, पण वर वजन असलं तर त्याच्या बरंच खालीसुद्धा ते हळूहळू दबत जातं आणि दबलं तसंच राहतं.

मी आधी वाळूजला मोल्डिंग शॉपमध्ये होतो, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरून पार्ट काढतात तिथं, आता संभाजीनगरातच छोटं वर्कशॉप आहे, बिल्डिंगचे मॉडेल, कॉलेजचे प्रोजेक्ट आणि लोकांचे किट जोडून देणं असं सगळं चालतं. वार्पेज, म्हणजे पार्ट वाकडा होणं, हा शब्द मोल्डिंगवाल्याला झोपेतही सोडत नाही. पार्ट एका बाजूनं आधी थंड झाला, किंवा एका पार्टला लागणारा वेळ (सायकल टाइम) कमी करायच्या नादात साच्यातून गरम गरमच बाहेर काढला की आत ताण राहतो आणि नंतर तो पार्ट आपोआप वाकतो. जाड-बारीक असलेल्या लांब पार्टला तर हे हमखास. विमानाचा पंख म्हणजे नेमकं तेच, पुढून जाड, मागं ब्लेडसारखा पातळ.

तर यंदा परभणीकडचे एक काका आले, एअरफोर्समधून रिटायर झालेले एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम करणारे, आग्र्याला कॅनबेरा विमानावर काम केलेले. पुण्याच्या पुतण्यानं त्यांना 1/72 चा, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा, कॅनबेराचा किट दिला होता, तो माळ्यावर गोधड्यांच्या थप्पीखाली कितीतरी उन्हाळे पडून होता. सोबत नातू होता. त्यानं एक पंख दाबून दाबून फेविक्विकनं चिकटवलेला, आणि शेवटाला फट उघडलेली. काका एवढंच म्हणाले, "लेकरानं हौसेनं केलंय, त्याला बोलू नका."

कॅनबेरा म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रिटिश बनावटीचं दोन जेट इंजिनांचं बॉम्बर, आपल्या एअरफोर्समध्ये 1957 ला आलं आणि 2007 ला रिटायर झालं, म्हणजे पूर्ण 50 वर्षं. 1999 ला कारगिलच्या वेळी फोटो काढायला गेलेल्या एका कॅनबेराच्या इंजिनाला मिसाईल लागलं तरी ते दुसऱ्या इंजिनावर परत आलं. काका हे सांगताना उभे राहिले. अशा माणसाचा किट हातात घेतल्यावर काम वरवरचं करून चालतच नाही.

पहिलं काम फेविक्विक सोडवायचं. ते कडक असतं पण ठिसूळ, म्हणून पंख फ्रिजरमध्ये ठेवला आणि मग सांध्यात पातळ ब्लेड घालून हळूच ताण दिला, तुकडे होऊन सुटलं. त्याखाली प्लास्टिक थोडं खरवडलेलं होतं ते घासून घेतलं.

मग दोन्ही पंखांचे वरचे-खालचे मिळून चारही भाग काचेवर ठेवून बघितले. वरचे दोन्ही भाग कमानीसारखे उठलेले, आणि डावीकडचा खालचा भाग पिळलेला. कमान आणि पीळ हे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक नेमकं इथंच गोंधळतात. कमान असेल तर आत पट्टी चिकटवून, टेप लावून सरळ करता येते, मी तर बऱ्याचदा सायकलचा स्पोक घालतो, 2 मिलिमीटरचा पोलादी तार आणि गल्लीतल्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडं मिळतो. पण स्पोक पीळ अडवत नाही, तो फक्त वाकणं अडवतो. पीळ आधी गरम करूनच काढावा लागतो.

पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर, 60 पासून सुरुवात. 60 ला काहीच हललं नाही. 5-5 अंशानं वाढवत गेलो, 75 ला हाताला जाणवलं की पार्ट ऐकायला लागलाय. 85 च्या वर मी जात नाही, कारण मागची पातळ कड लगेच लाटा मारते आणि ती परत सरळ होत नाही. पाण्यातून काढला की उलट्या दिशेनं पाहिजे त्याच्यापेक्षा थोडा जास्तच पिळायचा, कारण सोडला की तो थोडा मागं येतोच, तसाच धरून माठाच्या पाण्यात बुडवायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत बोटं हलवायची नाहीत.

दोन्ही बाजू टेपनं जोडल्या, पंख बॉडीला नुसते लावून बघितले. मला सरळ दिसलं. काका वाकले, एक डोळा मिटून समोरून बघितलं आणि म्हणाले, "मोजलंय का? कामून एवढी घाई करायलास?"

मग त्यांनी जे दाखवलं ते मी मोल्डिंगमध्ये एवढी वर्षं काढूनही बघितलं नव्हतं. खरं विमान आधी जॅकवर घेऊन लेव्हल करतात, मग मधल्या रेषेवरच्या ठरलेल्या बिंदूपासून दोन्ही पंखांवरच्या बिंदूंपर्यंतचं अंतर मोजतात, डावं-उजवं सारखं आलं पाहिजे, आणि पंखांचा अँगलही तपासतात. आम्ही बॉडी काचेवर लेव्हल केली, नाकापासून दोन्ही टोकांपर्यंत दोरा धरला, अंतर बरोबर आलं. मग टोकाची पुढची कड आणि मागची कड काचेपासून किती उंच ते मोजलं. मागची कड दोन्हीकडं सारखी, पण डावीकडं पुढची कड 3 मिलिमीटर वर. काका हिशोब करून मोकळे झाले, 3 गुणिले 72 म्हणजे 21 सेंटीमीटरच्या वर! "असं विमान सारखं उजवीकडं कलत राहील, पायलटचा हात दुखंल." नातू हे ऐकून एकदम सरसावला, पुढची सगळी मोजणी त्यानंच केली.

टेप काढला, खालचा भाग परत पाण्यात. ही मोजणी चिकटवायच्या आधी झाली हे फार महत्त्वाचं, कारण वरचा आणि खालचा भाग एकदा चिकटला की पंख बंद पेटी होतो, आणि बंद पेटी पिळायला फार अवघड. चिकटवताना जो पीळ आत राहिला तो कायमचा. आत प्लॅस्टिक शीटच्या आडव्या पट्ट्या लावल्या, पातळ सिमेंट, म्हणजे किट चिकटवायचं पाण्यासारखं द्रावण, मुळापासून टोकाकडं थोडं थोडं सोडत गेलो, एकेक इंच टेप लावून. सिमेंट प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं, म्हणून ते पूर्ण सुकेपर्यंत पंख काचेवर दाबून ठेवला. सुकल्यावर परत मोजलं, दोन्हीकडं सारखं.

कॅनोपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, तीही किंचित बसत नव्हती. नातू म्हणाला पाण्यात टाका, पण ते पारदर्शक प्लास्टिक जास्त ठिसूळ असतं आणि एक चीर गेली की संपलं, म्हणून कॅनोपीला हात न लावता बॉडीचीच कड तिच्याप्रमाणे घासून घेतली. रंग मात्र काकांनी माझ्याकडून करून घेतला नाही, म्हणाले, "ते काम घरी नातू आणि मी मिळून करणार, पॅनेल कुठलं कसं काळवंडायचं ते मला पाठ आहे."