ठरलेली कुस्ती

सोमवार, १५ डिसेंबर २०२५. रात्रीचे साडेअकरा.

कालपासून आप्पांचं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. "ठरल्याली कुस्ती नव्हं ही?" एवढंच. चहात खारी बुडवता बुडवता म्हणाले आणि परत पेपरात डोकं घातलं. टोमणा नव्हता, हे मला पक्कं माहीत आहे. त्यांना काही म्हणायचं असलं तर ते सरळ तोंडावर म्हणतात. तरी लागलं. चाळिशी आलेला माणूस रविवारी सकाळी फोन हातात धरून डोळे पुसतोय आणि समोर बाप बसलाय, तोही असा बाप ज्याचे दोन्ही कान मातीत मोडलेत. लागणारच.

डब्ल्यूडब्ल्यूईवाल्या जॉन सीनाची शेवटची कुस्ती होती. वॉशिंग्टनला शनिवारची रात्र, आपल्याकडे रविवारची सकाळ. ही म्हणाली होती, रविवार आहे, झोपा जरा. पण सहालाच उठलो. समोर गुंथर. ऑस्ट्रियाचा गडी, अंगानं दांडगा, आणि गळ्याला हात घातला की सोडत नाही. सीनानं दोन-तीनदा सोडवून घेतलं. शेवटी गळा पुन्हा अडकला. वीस-एक वर्षं हा माणूस कुणापुढे टॅप झाला नव्हता, म्हणजे हात आपटून हार मानली नव्हती. टी-शर्टवर, टोपीवर, टॉवेलवर एकच गोष्ट छापून हिंडला: हार मानू नका. मला वाटलं आता उठेल. उठला नाही. जरासा हसला आणि हातानं टॅप केलं.

मग बूट काढले, मनगटावरचे पट्टे काढले, रिंगच्या मधोमध ठेवले आणि निघून गेला. जाता जाता कॅमेऱ्याला एक सलाम. प्रेक्षकांनी निकालावरून शिमगा केला. मी ते काही ऐकत नव्हतो. ते बूट तिथे पडलेले, आजूबाजूला कुणी नाही. तिथेच मला भरून आलं. आणि तेवढ्यात आप्पा.

नुरा, म्हणजे आतून आधीच ठरवून धरलेली कुस्ती, हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा आहे. लहानपणी कुणी मैदानात नुरा धरली असं कानावर आलं तरी आप्पांच्या चेहऱ्यावर काहीतरी बंद व्हायचं. मग त्या पैलवानाचं नावही घरात निघायचं नाही. त्या एका मैदानाबद्दल तर अजूनही कोणी बोलत नाही, मीही इथे लिहिणार नाही. पण त्यामुळे 'ठरल्याली' म्हणताना त्यांनी नुरा म्हटलं नाही, हे माझ्या ध्यानात आलं. त्यातल्या त्यात सौम्य शब्द शोधला त्यांनी. हे उमगलं आणि जास्तच वाईट वाटलं.

खरं सांगायचं तर मला त्यांच्याशी भांडायचं होतं. म्हणायचं होतं, तुमच्या तालमीत मारुतीच्या शेजारी दारासिंगचा फोटो होता तो कसला? किंगकाँग नावाच्या पैलवानाबरोबरच्या त्या फ्री स्टाईल कुस्त्या, १९६८ ला मुंबईत लू थेझला हरवलं ती, त्याही याच घराण्यातल्या. हे मी पूर्वी एकदा बोललोय. तेव्हा म्हणाले होते, "दारासिंगचं येगळं." का वेगळं, ते सांगितलं नाही. काल मी काहीच बोललो नाही. उठून अंघोळीला गेलो.

दिवसभर स्वतःची बाजू मांडत राहिलो, मनातल्या मनात. ठरलेलं असतं ते कोण जिंकणार एवढंच. पडणं ठरलेलं असलं तरी पाठीला लागतंच. सीनाची पहिली कुस्ती २७ जून २००२ ला झाली, कर्ट अँगलबरोबर. हा अँगल म्हणजे १९९६ च्या अटलांटाचा सुवर्णपदकवाला, १०० किलो, मान मोडलेली असताना लढला होता. त्याला ठाऊक नव्हती का खरी कुस्ती? मग तो का गेला तिकडे? मी बारावीत होतो तेव्हा. कंपनीनं दीडेक महिन्यापूर्वीच नाव बदललं होतं, डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं होतं. आमच्या वाटचे त्या पैलवानांचे ट्रम्प कार्डचे पत्ते कधीच बालवाडीतल्या पोरांकडे गेले होते, मी मात्र बघत राहिलो. हॉस्टेलवर, पहिल्या नोकरीत, लग्न झाल्यावरही. गंभीर आजारी मुलांच्या साडेसहाशेच्या वर इच्छा सीनानं पुऱ्या केल्या, प्रत्यक्ष जाऊन भेटला. त्या मुलांनाही माहीतच असणार, कुस्ती ठरलेली असते.

हे सगळं बरोबर आहे. पण हे वकिलाचं बोलणं झालं, आणि आप्पांनी माझ्यावर काही खटला घातला नव्हता.

दुपारी जेवून पडलो तेव्हा खरं दुखणं हाताला लागलं. बूट.

बूट मी याआधीही पाहिलेत. २१ डिसेंबर २०२३. दिल्लीत त्या दिवशी कुस्ती महासंघाची निवडणूक झाली आणि ज्या अध्यक्षाविरुद्ध आपल्या मुली जंतरमंतरवर बसल्या होत्या त्याच्याच गोटातला माणूस निवडून आला. संध्याकाळी साक्षी मलिकनं पत्रकारांसमोर आपले कुस्तीचे बूट टेबलावर ठेवले आणि कुस्ती सोडली म्हणाली. माईकच्या दाटीत ते बूट. रडत होती ती. रिओचं कांस्यपदक जिंकलेली मुलगी, भारताची ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली महिला कुस्तीगीर. आणि मी? ऑफिसातून घरी येत होतो, बसमध्ये उभा, व्हिडिओ बघितला, वाईट वाटलं, आणि अंगठा वर सरकवला. पुढचं काय होतं तेही आठवत नाही. डोळ्यात पाणी आलं नव्हतं, एवढं आठवतं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात, २८ तारखेला, नव्या संसदेचं उद्घाटन होत असताना पोलिसांनी आंदोलनातल्या कुस्तीगिरांना रस्त्यावरून फरफटत नेलं, तेव्हा मी चिडलो होतो. पदकं गंगेत सोडायला हरिद्वारला निघाले तेव्हा रात्री झोप आली नव्हती. म्हणजे अगदीच दगड नाही मी. पण रडलो नव्हतो. आणि विनेश फोगाटच्या वेळी?

६ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक. तो दिवस मला मिनिटामिनिटानं आठवतो. पहिलीच कुस्ती जपानच्या सुसाकीबरोबर, जी आंतरराष्ट्रीय मैदानात तोवर कुणाकडून हरली नव्हती. शेवटच्या काही सेकंदांत विनेशनं तिला पाडलं आणि मी खुर्चीवरून उठून शड्डू ठोकला, आमचा ओम दचकला. मग युक्रेनची, मग क्युबाची, आणि विनेश फायनलला. त्याच दिवशी त्याच पॅरिसमध्ये क्युबाच्या मिहाइन लोपेझनं सलग पाचवं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं आणि बूट मॅटवर ठेवून निरोप घेतला. कुस्तीतली ही जुनी रीत, मॅटवर बूट सोडले की संपलं. केवढा सुंदर निरोप. सगळं स्टेडियम उभं. दुसऱ्या दिवशी सकाळी वजनात विनेश १०० ग्रॅमनं बाद. रात्रभर पळाली, घाम काढला, केस कापले, तरी शंभर ग्रॅम राहिलेच. मॅटवर पायही ठेवता आला नाही. आठ तारखेला पहाटे तिनं कुस्ती सोडल्याचं लिहिलं. तेही फोनवर. बूट कुठे ठेवणार?

तेव्हाही मी रडलो नाही. वजनाचे नियम, कोचचं चुकलं का, लवादाचं काय होणार, यावर महिनाभर वाद घालत बसलो. सगळ्या ऑफिसला ५० किलो आणि ५३ किलोमधला फरक समजावून सांगितला. माझं ते दुःख सगळं वादातच खर्ची पडलं.

आणि परवा शुक्रवारी, म्हणजे सीनाच्या आदल्याच दिवशी, विनेशनं जाहीर केलं की ती परत येतेय. लॉस एंजलिस २०२८. आमदार झाली, जुलैत बाळ झालं, आणि आता परत मॅटवर. केवढी मोठी बातमी. मी वाचली, बरं वाटलं, आणि सीनाच्या कुस्तीची वेळ बघायला गेलो.

काल दुपारी हे सगळं ओळीनं समोर आलं आणि स्वतःची शरम वाटली. खरोखरीच्या कुस्तीत खरोखरीची माणसं मोडली, तिथे माझे डोळे कोरडे, आणि ठरलेल्या कुस्तीला पाणी. आप्पांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं असं वाटून त्यांचाच राग आला. नववीत तालीम सोडली तेव्हा एका शब्दानं बोलले नाहीत. तो शब्द त्यांनी इतकी वर्षं राखून ठेवला होता आणि काल वापरला, असंही वाटून गेलं. संध्याकाळी हिला म्हटलं तर ती म्हणाली, "आप्पांनी फक्त विचारलं हो तुम्हाला." विचारलं? मी ते वाक्य पुन्हा आठवून बघितलं. खरंच शेवटी प्रश्नचिन्ह होतं.

आज दिवसभर कामात लक्ष नव्हतं. पण दुपारी एक गोष्ट सुचली आणि तेव्हापासून मन जरा निवलंय. सीनासाठी रडता आलं, कारण तिथे रडायला जागा ठेवली होती. दीडेक वर्ष आधी सांगितलं, जुलै २०२४ मध्ये टोरांटोला, की जाणार आहे. मग गावोगाव निरोप. शेवटच्या रात्री सगळे पैलवान रिंगभोवती उभे, दोन्ही चॅम्पियननी आपापले पट्टे त्याच्या खांद्यावर ठेवले. माणूस जातोय आणि जाऊ दिला जातोय. ठरलेलं होतं ते हे. आमच्या पैलवानांना हे कोण देतं? साक्षीला टेबल मिळालं. विनेशला मध्यरात्र मिळाली. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा-सोळा वर्षांनी. यंदाच्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली की नाही यावरून केवढं रण माजलं, पंचाला लाथ बसली, दोघा मल्लांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. मल्लाची तीन वर्षं म्हणजे किती, हे आप्पांना विचारा. आपल्याकडे कुस्ती कधी संपली हेच पैलवानाला कळत नाही.

इथे थांबलो होतो. पेन खाली ठेवलं आणि लक्षात आलं की आप्पांची शेवटची कुस्ती कोणती, हे मला माहीत नाही. पहिली माहीत आहे. खासबागेतली माहीत आहे, शाहू महाराजांच्या त्या मैदानात हलगी कशी वाजत होती तेही त्यांनी सांगितलंय. घिस्सा डाव मारून कुणाला चीत केलं, कुठे चांदीची गदा हुकली, सगळं. शेवटची कधी विचारलीच नाही.

मगाशी जेवणं झाल्यावर विचारली. गॅलरीत बसले होते, डावा कान चोळत. थंडीत दुखतो तो. मोडलेला कान बाहेरून कसा दिसतो ते सगळ्यांना माहीत असतं, पण जवळून बघितला तर आत बोट जाईल एवढीही जागा राहिलेली नसते, सगळं एकमेकांत मिसळून गेलेलं. मी त्याच बाजूला बसलो, त्यामुळे दोनदा विचारावं लागलं.

"शेवटची?" म्हणाले. "शेवटची म्हणून कोण धरतंय व्हय कुस्ती?"

मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं झालं बोलून.

"जत्रंतली. चाळीस मिनिटं चालली. अंधार पडाय लागला, पंचांनी सोडवली. दीडशे रुपय आन फेटा." परत थांबले. "पुढच्या आठवड्यात तुझ्या आजीला दवाखान्यात न्यायचं हुतं. मग उसाची लागण आली. म्हटलं पुढल्या जत्रंला बघू."

"मग?"

"मग काय. तुझं झालं."

त्यांचा लांग, कुस्तीचा लंगोट, खुंटीवर किती वर्षं होता ते मला आठवतंय. आईनं कधी काढला ते आठवत नाही. ते विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

"त्या गड्याचं वय काय आता?" आप्पाच म्हणाले.

"अठ्ठेचाळीस."

"मग लई लढला की." आणि हात पुढे केला. "दाव बघू."

फोन त्यांच्या हातात दिला. चश्मा वर केला, स्क्रीन नाकापाशी नेली. गुंथरनं गळ्याला हात घातला तेव्हा भुवया आवळल्या.

"गळा आवळाय चालतंय व्हय त्यांच्यात?"

"चालतं."

"मग हनुवटी का न्हाई घातली आत? पयल्यांदा त्येच शिकवत्यात." खरोखर वैतागले होते. त्यांची स्वतःची हनुवटी आपोआप छातीकडे गेली होती, खांदे वर आले होते. मी बघतोय हे त्यांना कळलं नाही. मग सीनानं टॅप केलं. आप्पा गप्प.

"मागं घे जरा."

मागं घेतलं. अंगठ्यानं स्क्रीन दाबून धरायला गेले, व्हिडिओ थांबला, मी परत चालू केला. या वेळी जास्तच जवळ नेला फोन.

"हसला की रं त्यो," म्हणाले.

"हो."

"परत मागं घे."