ह्वेमधलं पौर्णिमेचं जेवण

व्हिएतनामची सहल घेऊन जाताना मला सगळ्यात जास्त घोर असतो तो शाकाहारी मंडळींचा. मांस डोळ्यांना दिसतं, ते बाजूला ठेवता येतं. नुऑक माम मात्र दिसत नाही. छोटे मासे मिठात महिनोन् महिने मुरवून काढलेला हा रस भाजीत, कोशिंबिरीत, वाटीतल्या चटणीत, सगळीकडे असतो. वाढणारा मनापासून ‘यात मांस नाही’ म्हणतो आणि त्याच्या परीने ते खरंच असतं.

२०२५ च्या मे महिन्यात आमचा ग्रुप ह्वेला होता. १८०२ ते १९४५ या काळात हे शहर व्हिएतनामच्या न्गुयेन राजघराण्याची राजधानी होतं, म्हणून तिथे एक रात्र राजेशाही थाटाच्या जेवणाची असते. लाकडी खांबांचं जुनं घर, बाग आणि मेन्यूवर मोठाले आकडे. ग्रुपमध्ये चिपळूणचे एक माळकरी काका-काकू होते. अशा मेजवान्यांत त्यांच्यापुढे आतापर्यंत पांढरा भात, काकडी आणि घरून आणलेली लसूण न घातलेली चटणी एवढंच आलं होतं. ते दोघं काही बोलत नव्हते, पण मला ते बघवत नव्हतं. पैसे त्यांनीही तेवढेच भरले होते.

सकाळी नाश्त्याला काकू म्हणाल्या, “आज बुद्धपौर्णिमा गं.” तिथेही त्याच दिवशी बुद्धजयंती होती. शहरातल्या हुओंग नदीत सजावटीची सात भलीमोठी कमळं तरंगत होती. ह्वे हे मठांचं गाव. पौर्णिमेला आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी तिथली कितीतरी घरं शाकाहारी जेवतात आणि मठांच्या स्वयंपाकात तर कांदा-लसूणही चालत नाही. मी आमच्या स्थानिक गाईडला म्हटलं, हॉटेलला ‘हे वगळा, ते वगळा’ सांगूच नकोस. आज तुमच्या घरी जे शिजेल ते या दोघांना कराल का, एवढंच विचार.

रात्री मुख्य शेफ स्वतः टेबलाशी आल्या. आधी मुळा, गाजर आणि मक्याच्या कणसांचं सूप आलं. मग कोवळ्या फणसाची कोशिंबीर, वर भाजलेले तीळ, सोबत तांदळाचा कुरकुरीत पापड. चटणीत माशाच्या रसाऐवजी सोया आणि अननस. कमळाच्या पानात बांधलेला, कमळबियांचा भात उघडला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्यांनीही माना वळवल्या.

त्यानंतर बान्ह नाम आलं, म्हणजे पानात गुंडाळलेला तांदळाच्या पिठाचा पदार्थ. एरवी त्यात कोळंबी असते, आज मूगडाळ आणि अळंबी होती. काकूंनी केळीचं पान उलगडलं आणि जवळजवळ ओरडल्याच, “अहो, ही तर पानगी!” मग काकू मराठीत, शेफ व्हिएतनामीत आणि मधे मी आणि गाईड. आमची पानगी तव्यावर भाजतात, यांची वाफवतात. पीठ किती पातळ, पानाला तेल लावायचं की नाही, यावर दोघी चांगल्या रंगल्या. काकांनी तेवढ्यात तीन पानं संपवून चौथं मागितलं होतं. इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच काही मागून घेतलं.

बाकीच्या ग्रुपची तक्रार आली ती बसमध्ये: आम्हाला हे का नाही दिलंत? रास्त होती. परत आल्यावर मी ऑफिसात लेखी दिलं, की ह्वेच्या मुक्कामात पौर्णिमा येत असेल तर अख्ख्या ग्रुपला हेच जेवण ठेवावं, आणि एरवी शाकाहारींसाठी ते आठवडाभर आधी सांगून ठरवावं. पुढच्या सहलीच्या पत्रकात ते छापूनही आलं आहे.